लहान संगणकाचा ताप : नवा घेण्यापूर्वी जुना सुधारून पाहा

कापडाच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. गिऱ्हाईक ‘कापड खराब निघाले’ अशी तक्रार घेऊन आले, तर जाणता दुकानदार लगेच दुसरा तागा उघडत नाही. तो आधी विचारतो, धुतले कसे, वाळवले कुठे, इस्त्री किती गरम होती? निम्म्या वेळा दोष कापडाचा नसतो, वापराचा असतो. ही रीत आम्ही तीस वर्षे कापडात पाळत आलो. ती संगणकालाही लागू पडते, हे मात्र आम्हाला २०२५ च्या एप्रिल महिन्यात कळले.

आमच्या पुतण्याने घरात एक लहान संगणक बसवला आहे. एकच हिरवा बोर्ड, आकाराने एटीएम कार्डाएवढा, नाव रास्पबेरी पाय ४. टीव्हीच्या मागे प्लॅस्टिकच्या डबीत तो ठेवलेला असे. त्यावर त्याने आमच्या जुन्या कॅसेटी उतरवून घेतल्या, घरातले फोटो एका जागी आणले आणि लग्नाच्या जुन्या व्हीएचएस चित्रफिती लहान फाइलींत बदलण्याचे काम लावून दिले. हिवाळ्यात सारे ठीक चालले. एप्रिल लागला. जुन्या नाशकात खाली दुकान, वर घर आणि डोक्यावर पत्रा अशी आमची राहणी. दुपारी पारा चाळिशीला टेकू लागला तसा तो बोर्ड रोज दोन-अडीचच्या सुमारास मंदावू लागला, आणि पुढे पुढे मधूनच बंद पडू लागला.

पुतण्या म्हणाला, “चाचा, ये अब चलने का नहीं. नया ही लेना पड़ेगा.” नव्याचा हिशेब केला तर बोर्ड, चार्जर, डबी आणि कार्ड मिळून दहा हजारांच्या घरात गेला. शिकणाऱ्या मुलाच्या छंदासाठी ही रक्कम लहान नाही. आम्ही म्हटले, आधी रोग ओळखू, मग औषधाचे पाहू.

हा बोर्ड आहे तरी काय?

मोठ्या संगणकात प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स असे निरनिराळे भाग एकमेकांना जोडलेले असतात. सिंगल बोर्ड कॉम्प्युटरमध्ये हे सारे ८५ बाय ५६ मिलिमीटरच्या एकाच तुकड्यावर झाळून बसवलेले असते. रास्पबेरी पायचा पहिला बोर्ड २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. किंमत ३५ डॉलर. इंग्लंडमधील केंब्रिजच्या मंडळींनी तो काढला तो मुलांनी स्वस्तात संगणक हाताळावा, त्याची आतली रचना शिकावी म्हणून. पुढे तो कारखान्यांतही गेला. जून २०२४ मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली, तोवर सहा कोटींहून अधिक बोर्ड विकले गेले होते.

या बोर्डाचे आपल्या देशाशी एक लांबचे नाते आहे. त्याच्या मॉडेलांना ‘ए’ आणि ‘बी’ ही नावे बीबीसी मायक्रो या जुन्या ब्रिटिश संगणकावरून मिळाली. तोच बीबीसी मायक्रो भारत सरकारने १९८४ साली ‘क्लास’ या योजनेतून निवडक शाळांत बसवला होता. आम्ही तेव्हा शाळेत होतो, पण आमच्या उर्दू शाळेपर्यंत तो पोहोचला नाही. आम्ही पहिला संगणक पाहिला तो एका कचेरीत, चपला बाहेर काढून, काचेच्या पलीकडून. आज तसाच, किंबहुना त्याहून हजारो पटीने बलवान संगणक आमच्या पुतण्याच्या तळहातावर मावतो. तो बिघडला म्हणून फेकून द्यावा, हे आमच्या मनाला पटले नाही.

पहिला रोग : उष्णता

मालेगावच्या यंत्रमागांवर माल घेण्यासाठी आम्ही तरुणपणापासून जात आहोत. तिथे मोटारींचे वाइंडिंग करणारे एक मिस्त्री होते. माग अडला की ते आधी मोटारीच्या अंगावर तळहात ठेवीत. हात ठरला तर रोग दुसरीकडे. हात ठरला नाही तर ‘हिला श्वास मिळत नाही’ असे म्हणत. आम्हीही तेच केले. दुपारी अडीच वाजता डबी उघडून बोर्डाजवळ बोट नेले, तर झळ लागली.

वाचकांपैकी कोणी विचारील, एवढासा बोर्ड, पूर्ण कामातही सहा-सात वॅट वीज खातो. घरातला एलईडी दिवा याहून जास्त खातो. मग हा एवढा तापतो कसा? उत्तर जागेत आहे. ती सारी उष्णता नखाएवढ्या चिपमधून निघते आणि तिला बाहेर पडायला पृष्ठभाग मिळत नाही. त्यात बंद प्लॅस्टिकची डबी म्हणजे एप्रिलमध्ये रजई पांघरण्यासारखे झाले.

चिप स्वतःला जपते. पाय ४ मध्ये तापमान ८० अंश सेल्सियसपर्यंत गेले की ती आपला वेग आपणच कमी करू लागते, आणि ८५ च्या आसपास आणखी जोरात आवरते. म्हणजे दुपारचा मंदपणा हा बिघाड नव्हताच, तो बचाव होता. बोर्डाला तापमान विचारण्याची एक आज्ञा असते. पुतण्याने ती दिली आणि आम्ही दुकानाच्या वहीत आकडे लिहीत गेलो. खोलीत ३९ अंश, काम पूर्ण भरात. बंद डबीत ८३. झाकण काढल्यावर ७७. चिपवर पंखांची लहान अॅल्युमिनियमची पट्टी, म्हणजे हीटसिंक, चिकटवून वर तीन सेंटिमीटरचा पंखा लावला, तेव्हा ५७.

हे काम घरी करणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. हीटसिंकच्या खालचा थर्मल पॅड दोन्ही बाजूंनी पातळ फिल्मने झाकलेला असतो. दोन्ही फिल्म काढल्याच पाहिजेत. आम्ही एक विसरलो होतो आणि अर्धा तास ‘फरक का पडत नाही’ म्हणून डोके खाजवत बसलो. पंख्याची लाल तार चौथ्या पिनला, काळी सहाव्या पिनला. लावताना वीज बंद असावी आणि पिना दोनदा मोजाव्यात. बोर्ड आडवा ठेवण्यापेक्षा उभा ठेवला तर गरम हवा सहज वर निघते, त्याला पैसा लागत नाही. आणि एअर कूलरच्या झोतात बोर्ड कधीही ठेवू नये. माठ पाणी गार करतो, कूलर माणसाला गार करतो, पण ओलसर हवा बोर्डाच्या कामाची नाही.

एक थंडावा तर फुकट मिळतो. पाय ४ जून २०१९ मध्ये आला तेव्हा तो फार तापतो अशी तक्रार होती. कंपनीने त्याच वर्षी फर्मवेअर, म्हणजे बोर्डाच्या आतला कायमचा प्रोग्राम, सुधारून दिला आणि उष्णता कमी झाली. जुना बोर्ड कोणाकडे पडून असेल तर पंखा घेण्याआधी तो अद्ययावत करून घ्यावा.

दुसरा रोग : वीज

तापमान ५७ वर आले, वेग परत आला. पण तिसऱ्या दिवशी बोर्ड पुन्हा बंद पडला, तोही रात्री, खोली थंड असताना. म्हणजे उष्णतेचा रोग बरा झाला तरी दुसरा उरलाच होता. नवखा मिस्त्री इथेच फसतो. एक दोष सापडला की तो शोध थांबवतो.

पुतण्याने पडद्याच्या कोपऱ्यात येणारी विजेची लहानशी खूण दाखवली. ती महिनाभर येत होती, कोणी लक्ष दिले नव्हते. बोर्डाला मिळणारा दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ती खूण येते. पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा चार्जर लागतो. आमच्याकडे होता जुन्या मोबाइलचा चार्जर, आणि केबल कोपऱ्यावरच्या टपरीतली, बारीक तारेची. फोनला ती चालते, कारण फोनला कमी वीज मिळाली तर तो हळू चार्ज होतो इतकेच. बोर्डाला मात्र त्याच क्षणी पूर्ण वीज हवी असते. त्यात पुतण्याने एक जुनी फिरती हार्ड डिस्क जोडलेली होती, तीही त्याच विजेवर. पाय ४ च्या सगळ्या यूएसबी तोंडांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. बारीक नळाला तीन घरे जोडावीत तशी ही गत.

आम्ही चांगला चार्जर आणला, जाड आणि आखूड केबलचा. खूण गेली, रात्रीचे बंद पडणे थांबले. या धंद्यात नकली माल फार आहे. डबीवर ३ अँपिअर छापलेले असते, आत तेवढा दम नसतो. चार्जर हातात घेऊन वजन पाहा, केबल वाकवून पाहा, आणि पावती मिळेल तिथूनच घ्या. कापड चिमटीत धरून पारखणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही.

तिसरा रोग : कार्ड, आणि आमचे नुकसान

हे दोन रोग बरे होईपर्यंत तिसऱ्याने आपले काम केले होते. बोर्डात कायमची साठवण म्हणून मायक्रो एसडी कार्ड असते, मोबाइलमध्ये घालतात तसेच. लिहिणे चालू असताना वीज गेली तर कार्डावरची नोंद अर्धवट राहते. रोज रोज असे झाले की एक दिवस कार्ड वाचताच येत नाही. आमचे कार्ड मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गेले.

फोटोंची प्रत हार्ड डिस्कवर होती. कॅसेटीही बहुतेक शाबूत होत्या, त्या पुन्हा उतरवता आल्या. फक्त एक गेली. १९८९ साली दुकान उघडले त्या दिवशी कोणीतरी टेपरेकॉर्डर चालू ठेवला होता, आणि त्यात आमच्या वालिदांचा आवाज होता. गिऱ्हाइकाला भाव सांगताना, मध्येच आम्हाला हाक मारताना. ती कॅसेट उतरवून झाल्यावर लगेच मशिनमध्ये अडकून तुटली होती. आम्ही म्हटले होते, असू दे, संगणकात आहे ना. एकच प्रत होती, तीही कार्डाबरोबर गेली. पुतण्या दोन दिवस आमच्या नजरेला नजर देत नव्हता. आम्ही त्याला रागावलो नाही. चुकीच्या चार्जरवर ते सारे चालते आहे हे आम्हालाही ठाऊक नव्हते, आणि दुकानाची वही दोन प्रतींत ठेवणाऱ्या माणसाने एवढी गोष्ट एकाच जागी राहू दिली, हा दोष आमचाच.

म्हणून वाचक बंधूंना आमचे हात जोडून सांगणे आहे. जे पुन्हा मिळणार नाही त्याच्या दोन प्रती ठेवा, आणि दुसरी प्रत दुसऱ्या उपकरणात, शक्य तर दुसऱ्या घरात असू द्या. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुले जुने फोटो, जुन्या कॅसेटी काढतील. त्यांना पहिल्या दिवशीच हे सांगा.

कार्डावर इलाज आहे. २०२० पासून पाय ४ कार्डाशिवायही, यूएसबीला जोडलेल्या एसएसडीवरून सुरू होऊ शकतो. एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क. सततचे लिहिणे ती कार्डापेक्षा पुष्कळ चांगले सोसते, वेगही जास्त, आणि जुन्या फिरत्या डिस्कपेक्षा वीजही सहसा कमी खाते. ती निळ्या तोंडाच्या, म्हणजे यूएसबी ३ च्या जागी लावावी. साऱ्या सुधारणेत डोळ्यांना सर्वांत जास्त फरक दिसला तो या एका गोष्टीने. तरीही डिस्क कोणतीही असो, बटण ओढून बंद करू नये. पडद्यावरून आज्ञा देऊन, दिवा थांबल्यावरच वीज काढावी. भारनियमनाच्या भागात ५ व्होल्ट देणारा लहान यूपीएस घ्यावा. वायफायच्या राउटरसाठी मिळणारे यूपीएस बहुधा १२ व्होल्टचे असतात, ते थेट जोडले तर बोर्ड जळेल.

कापडवाल्यांसाठी वेगळी सूचना

पंख्याने तापमान उतरले हे खरे, पण जुलैमध्ये पंखा कुरकुरू लागला. उघडून पाहिले तर पात्यांवर आणि हीटसिंकच्या पंखांमध्ये रुईचा राखाडी थर बसलेला. खाली आमचे दुकान. दिवसभर ताग्यांची उघडझाप होते, बारीक तंतू हवेत राहतात, आणि पंखा ते ओढून घेतो. यंत्रमागाच्या कारखान्यात, शिलाईच्या दुकानात, गादी-रजईच्या कामात हे याहून लवकर होईल. सुताराच्या भुशाचेही तेच. रुई बसली की हीटसिंक म्हणजे पुन्हा रजईच.

म्हणून अशा जागी पंखा नसलेली, पूर्ण अॅल्युमिनियमची डबी बरी. तिची आतली बाजू पॅडमधून चिपला टेकते आणि सारी डबीच हीटसिंक होते. आम्ही तीच बसवली. ऑक्टोबरच्या उन्हात, खोली ३३ अंशांवर असताना, बोर्ड भर कामात ६१ वर राहिला. पंख्याइतका थंड नाही, पण ८० पासून पुष्कळ दूर, आवाज नाही आणि झाडायला फक्त एक ब्रश. एकच अडचण, धातूच्या डबीत वायफाय थोडे कमजोर होते. आम्ही राउटरपासून तार ओढली. स्लायडिंग खिडक्यांचे काम करणाऱ्या आपल्या कारागिरांकडे अॅल्युमिनियमचे तुकडे पडून असतात. हात बसलेल्या माणसाला त्यातून हीटसिंक कापता येईल. मात्र धातू बोर्डाच्या पिनांना कुठेही टेकता कामा नये.

काय बदलता येत नाही

मेमरी बदलता येत नाही. ती झाळलेली असते. दोन जीबीचा बोर्ड चार जीबीचा होणार नाही, कोणी करून देतो म्हणाला तर विश्वास ठेवू नये. प्रोसेसरही बदलत नाही. त्याचा वेग आज्ञेने वाढवता येतो, पण वेगाबरोबर उष्णता वाढते. थंडावा आणि वीज आधी पक्की असेल तरच त्या वाटेला जावे.

नवा घ्यायचाच असेल तर पाय ५ आहे, ऑक्टोबर २०२३ पासून बाजारात. तो बराच वेगवान, पण अधिक तापणारा. कंपनीने त्यावर पंख्यासाठी वेगळी जागाच दिली आहे. कंपनीचा कूलर लावला तर ५० अंशांवर पंखा हळू सुरू होतो आणि ७५ ला पूर्ण वेग घेतो. चार्जर ५ अँपिअरचा लागतो. तीन अँपिअरचा लावला तर चालतो, पण यूएसबी तोंडांना मिळून ०.६ अँपिअरच देतो. बंद करण्याचे बटण आणि घड्याळाच्या बॅटरीची जागाही त्यात आहे, जी पाय ४ मध्ये नाही. पण ध्यानात असू द्या, मेमरी चिप्स महागल्यामुळे डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने अनेक मॉडेलांचे भाव वाढवले. अशा वेळी घरातला जुना बोर्ड सुधारणे हाच नफा.

आमचा हिशेब असा : पंखा-हीटसिंक, चार्जर, एसएसडी आणि पुढे अॅल्युमिनियमची डबी, सारे मिळून साडेतीन हजारांच्या आत. नव्याचे दहा हजार वाचले असे नाही म्हणणार, साडेसहा वाचले. आणि क्रम लक्षात ठेवावा, आधी थंडावा, मग वीज, मग साठवण. त्यानंतरही अडले तर नवा.

छंदाला काय किंमत?

काही बांधव विचारतात, मुलांच्या या खेळावर एवढा वेळ कशाला? त्यांना नाशिकचेच एक उदाहरण देतो. २०१५ च्या कुंभमेळ्यात इथल्या निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने सोबत्यांना घेऊन ‘आशिओतो’ नावाची चटई तयार केली. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. तिच्यावरून माणूस गेला की आतले सेन्सर दाब ओळखत आणि मोजणी होई. गर्दी कुठे वाढते हे वेळेवर कळावे, चेंगराचेंगरी टळावी, हा हेतू. अठरा तासांत सुमारे पाच लाख माणसे त्या चटयांनी मोजली. सुरुवात घरातल्या छंदापासूनच झाली होती. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब आहे. तिथेही खेड्यातली मुले हातानेच यंत्रे घडवून शिकतात.

हुन्नर आपल्याकडे नवा नाही. मोटारीवर हात ठेवून रोग सांगणारे मिस्त्री आपल्याच वस्तीत आहेत, आणि बोर्डाला आज्ञा देणारी मुलेही आपल्याच घरात आहेत. दोघे एका जागी बसत नाहीत, एवढीच उणीव. त्या एप्रिलमध्ये आम्ही आणि पुतण्या एका वहीवर आकडे लिहीत बसलो, तेव्हा त्याला आमच्याकडून दोष शोधण्याची रीत मिळाली आणि आम्हाला त्याच्याकडून नवी विद्या.

बोर्ड आज टीव्हीच्या मागे उभा आहे, चित्रफितींचे काम संपत आले आहे, आणि प्रत्येक फाइलीची दुसरी प्रत आमच्या बहिणीच्या घरी आहे.